बॉक्सर बघायला जाताना

लास वेगसची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. मोठी लढत नेमकी पोह्यांच्या वेळेला सुरू होते, आणि हा योग उगाच जुळलेला नाही. बॉक्सर पारखायची खरी रीत कांदेपोह्यांचीच आहे. मुलगा बोलतो कसा, निर्व्यसनी आहे का, वडीलधाऱ्यांसमोर नीट वागतो का, एवढं बघावं. तो पोटापाण्यासाठी माणसं आडवी करतो, हे काय, बायोडाटात लिहिलेलंच असतं.

पहिलं पथ्य: बेल वाजली की डोळे फोनमध्ये घाला. बघत बसलात तर मन विचलित होतं. मे २०१५ची मेवेदर-पॅकियाओ लढत आठवा. तुमचा कौल महिनाभर आधी लागला होता. मॅनी पॅकियाओ गरिबीतून वर आलेला, हसतमुख, देवभोळा, फिलिपिन्सच्या संसदेत खासदार. फ्लॉइड मेवेदर कॅमेऱ्यासमोर नोटांची बंडलं नाचवणारा. आता यात १२ राउंड बघण्यासारखं काय उरलं?

बघितले असते तर उगीच नको ते दिसलं असतं. डावा खांदा हनुवटीशी लावून ठोसे त्यावरून घरंगळवायचे, हा मेवेदरचा नावाजलेला बचाव त्या दिवशी फारसा बाहेरच आला नाही. पॅकियाओ डावखुरा, त्याचा सरळ डावा नेमका त्या बाजूने येतो, जिथे खांद्याचं छप्पर नाही. म्हणून मेवेदरने हिशेब पायांवर आणला. डावं पाऊल पॅकियाओच्या उजव्या पावलाच्या बाहेर ठेवायचं, तिथून सरळ उजवा टाकायचा आणि गडी आत घुसलाच तर मिठी मारून रेफरीची वाट बघायची. पॅकियाओने ४२९ ठोसे मारले, लागले ८१. उरलेले ३४८ कुठे गेले, हा त्या रात्रीचा खरा प्रश्न होता. तुम्ही मात्र ‘काय कंटाळवाणी मॅच’ असं लिहून मोकळे झालात, हे उत्तम केलंत. ४६ लाख ग्राहकांनी ती टीव्हीवर बघायला विकत घेतली, एचडीवर जवळजवळ १०० डॉलर मोजून. त्यांतल्या कित्येकांना तो माजोरडा एकदाचा आडवा झालेला बघायचा होता. त्यांच्याही पैशातला वाटा त्यालाच गेला. तिरस्काराला तिकीट लावता येतं हे त्याला कळलं होतं. तुम्हाला कळायची घाई नाही.

दुसरं पथ्य जरा नाजूक आहे. ‘स्वभाव’ म्हणजे पत्रकार परिषदेतलं वागणं. कोर्टाची कागदपत्रं त्यात धरू नयेत. घरगुती हिंसाचाराच्या खटल्यात मेवेदरने गुन्हा कबूल केला आणि डिसेंबर २०११मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. ५ मे २०१२ला त्याची लढत ठरत होती (पुढे ती मिगेल कोटोशी झाली), म्हणून न्यायालयाने तुरुंगात जायची तारीख जानेवारीतून जूनवर नेली. आधी लढत, मग कोठडी. जाणकार चाहत्याने यावर कपाळाला आठी घालू नये. ती नोटांसाठी राखून ठेवावी. माइक टायसनच्या बाबतीत तुम्ही हे छान जमवलंय. १९९७मध्ये त्याने प्रतिस्पर्धी होलीफिल्डचा कान चावला, तो किस्सा तुम्ही रंगवून सांगता. १९९२मध्ये बलात्काराच्या खटल्यात तो दोषी ठरला आणि त्याने तीन वर्षं तुरुंगात काढली, हे सांगताना मात्र घसा बसतो.

विनोदबुद्धीला वेगळे गुण द्या. महंमद अलीने मनिलातल्या लढतीआधी ‘मनिला’ला ‘गोरिला’चं यमक जुळवलं, खिशातून रबराचं माकड काढलं, आणि जग हसलं. तो गोरिला म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ज्यो फ्रेझर. अलीचं लढायचं लायसन्स गेलं होतं तेव्हा ते परत मिळावं म्हणून रदबदली करणारा आणि त्याला पैसे देणारा फ्रेझर. बोलायला तसा घुमा. असल्या स्थळाला कोण होकार देणार? त्याचा ट्रेनर एडी फच याला माणसाच्या बोलण्यापेक्षा हातात जास्त रस. उजवा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारताना अली तो हात खाली नेतो आणि त्या क्षणी त्याचा गाल उघडा पडतो, हे त्याने हेरलं होतं. ‘हात खाली गेला की डावा हुक टाक,’ म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, हा फ्रेझरचा गृहपाठ. १९७१मध्ये पंधराव्या राउंडला अली पाठीवर पडला तो त्याच डाव्या हुकने. १९७५मध्ये मनिलात मात्र फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद झाला, आणि डाव्याने त्याला आधीपासूनच धड दिसत नव्हतं. अलीचे उजवे ठोसे त्याला लागल्यावरच कळत होते. चौदाव्या राउंडनंतर फचने त्याला उठू दिलं नाही. पण ते असो, यमक मस्त होतं.

सगळंच जुळलेलं स्थळ हवं असेल तर हेवीवेट चॅम्पियन व्लादिमीर क्लिच्को होता. डॉक्टरेट, चार भाषा, बॉक्सर असलेल्या सख्ख्या भावाशी कधी लढणार नाही असा आईला दिलेला शब्द. त्याला तुम्ही ‘बोअर’ म्हणालात. मुलगा फारच सालस निघाला की असं होतं.

शेवटी एक जागा सांगतो, तिकडे चुकूनही फिरकू नका: लढतीआधीची ड्रेसिंग रूम. तिथे हात बांधतात. आधी मऊ गॉज, मग मनगटाभोवती आणि बोटांच्या फटींतून टेप. मुठीच्या उंचवट्यावर, म्हणजे जो भाग समोरच्याच्या तोंडावर जातो तिथे, टेप किती चालेल याचे नियम कडक असतात. प्रतिस्पर्ध्याचा माणूस शेजारी उभा राहून सगळं बघतो, बोटांनी दाबून बघतो, मग निरीक्षक बँडेजवर सही करतो. हलक्या वजनगटांत वर चढतो आठ औंसांचा ग्लोव्ह, म्हणजे पाव किलोलाही कमी.

जानेवारी २००९, लॉस एंजलिस. अंतोनिओ मार्गारिटोचे हात बांधून झाले होते. हा तुमचा लाडका: कष्टाळू, मागे न हटणारा, चार ठोसे खाऊन पाचवा मारणारा, तोंडाने एक शब्द वावगा नाही. प्रतिस्पर्धी शेन मोझलीचा ट्रेनर नझीम रिचर्डसन याने बँडेज दाबून बघितलं. आतली गादी कडक लागली. त्याने ती बाहेर काढायला लावली. पुढे प्रयोगशाळेत तिच्यात कॅल्शियम आणि गंधक सापडलं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये हीच जोडी असते. घामाने ओलं झालं की ते आवळतं आणि राउंडागणिक मूठ दगड होत जाते. मार्गारिटोने ‘मला काही माहीत नव्हतं’ असं सांगितलं. पुढे कॅलिफोर्नियाने त्याचं लायसन्स काढून घेतलं. लढतीच्या रात्री मात्र नव्याने बांधलेल्या हातांनी तो लढला आणि नवव्या राउंडमध्ये संपला.

रिचर्डसनने बोटांऐवजी मुलाखती वापरल्या असत्या, तर मार्गारिटो पास झाला असता.