कोरियातील बालवर्ग आणि ‘फक्त इंग्रजी बोलता यावे’ ही समजूत

परदेशी नोकरीच्या शोधात असलेल्या आपल्याकडील तरुणांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकांची चणचण आहे, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या कोणत्याही पदवीधराला तेथील बालवर्गावर नोकरी मिळते, घर फुकट आणि पगार दीड लाख रुपयांच्या घरात असतो, काम म्हणजे गाणी आणि खेळ, आणि कोरियन भाषा न येणेच बरे, कारण लहान मुले नुसते ऐकून भाषा उचलतात. यात थोडे सत्य मिसळलेले असल्यामुळेच तो मजकूर लोकांना पटतो, म्हणून तो मुद्द्यामुद्द्याने तपासलेला बरा.

‘कोणत्याही पदवीधराला’ हे पहिलेच विधान चुकीचे आहे. परदेशी भाषाशिक्षकांसाठी कोरिया ‘ई-२’ नावाचा व्हिसा देतो. इंग्रजीपुरता तो सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी राखलेला आहे. भारत या यादीत नाही. भारतीयांसाठी दार आहे, पण ते निराळे. भारत आणि कोरिया यांच्यात २००९ मध्ये झालेल्या आणि १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या सर्वंकष आर्थिक भागीदारी करारानुसार, पदवीसोबत इंग्रजी शिकवण्याची अधिकृत शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयाला तेथील शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करता येते. येथे शाळा म्हणजे प्राथमिक आणि माध्यमिक शाळा होत. तेथील प्राथमिक शाळेत १९९७ पासून इंग्रजी हा विषय तिसरीपासून सुरू होतो. त्यामुळे मराठी शिक्षकाला जे दार उघडे आहे ते प्रामुख्याने आठ-नऊ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांच्या वर्गात नेते, मजकुरात रंगवलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात नव्हे. पर्यटक व्हिसावर जाऊन ‘तिथे बघू’ असे म्हणणाऱ्यांनी तर हे ध्यानात घ्यावे की तसे शिकवणे सरळ बेकायदा आहे.

दुसरा दावा गाणी आणि खेळांचा. ज्यांना बोलीभाषेत ‘इंग्रजी बालवाडी’ म्हणतात त्या संस्था कायद्याच्या नजरेत बालवाड्या नाहीतच. त्या ‘हाग्वॉन’ आहेत. हा शब्द मराठी कानाला ओशाळवाणा वाटतो खरा, पण त्याचा अर्थ खासगी शिकवणीवर्ग एवढाच आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सरकारने आखलेला, खेळावर भर देणारा ‘नुरी’ अभ्यासक्रम त्यामुळे या वर्गांना बंधनकारक नाही. कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाने २०२४ मध्ये केलेल्या आणि मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या वर्गांचा सरासरी खर्च महिना सुमारे १५ लाख ४५ हजार वॉन, म्हणजे आपल्या नव्वद हजार रुपयांच्या आसपास, निघाला. एवढे पैसे मोजणाऱ्या पालकाला मूल आनंदाने नाचले एवढ्यावर समाधान नसते. त्याला वही भरलेली दिसावी लागते, शब्द पाठ झालेले ऐकू यावे लागतात. नावाजलेल्या शिकवणीवर्गांत पहिलीच्या आधी प्रवेश मिळवण्यासाठी मुले जी परीक्षा देतात तिला तेथे उपहासाने ‘सात वर्षांची गोसी’ म्हणतात. ‘गोसी’ हा शब्द एरवी सरकारी अधिकारी निवडण्याच्या स्पर्धापरीक्षेसाठी वापरला जातो. ही सात वर्षे जुन्या कोरियन गणनेतली असल्याने ते मूल प्रत्यक्षात पाच-सहा वर्षांचेच असते. इंग्रजी बालवाड्यांत शिरण्यासाठी पुढे ‘चार वर्षांची गोसी’ही निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने अशा परीक्षांविषयी बालहक्कांच्या दृष्टीने प्रतिकूल मत नोंदवले. परदेशी शिक्षक हा या यंत्रणेचा दर्शनी चेहरा असतो. गाणी असतात, पण त्यांच्या मागेपुढे अक्षरध्वनींच्या कार्यपुस्तिका, पालकांसाठीचे अहवाल आणि पालकांसमोर घ्यावयाचे नमुना पाठ असतात.

तिसरा दावा सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत घातक आहे : मुले भाषा आपोआप उचलतात, म्हणून शिक्षकाला कोरियन येऊ नये. घरी, अंगणात आणि दुकानात दिवसभर एक भाषा कानांवर पडत असेल तर मूल ती उचलते, हे खरे. वर्गात मोजके तास भेटणारी परकी भाषा ही निराळी गोष्ट आहे. बार्सिलोना येथे झालेल्या दीर्घ अभ्यासात आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुले सारख्याच तासांनंतर तपासली गेली, तेव्हा उशिरा सुरू करणारी मुले पुढे आढळली. लहान वय म्हणजे जादू नव्हे. लहान मुलाला फार वेळ, फार पुनरुक्ती आणि त्याचे मन ओळखणारा माणूस लागतो.

मन ओळखण्यासाठी त्याची भाषा थोडी तरी कळावी लागते. पाच वर्षांचे मूल पोट धरून ‘आपायो’ म्हणते तेव्हा ते दुखते आहे असे सांगत असते, आणि ‘ह्वाजांगशिल’ म्हणते तेव्हा त्याला तातडीने शौचालयात जायचे असते. ‘इंग्रजीत सांग’ असा नियम त्या क्षणी दामटणाऱ्या शिक्षकाला पुढच्या दोन मिनिटांत फरशी पुसावी लागते.

उच्चारांचेही तसेच. कोरियनमध्ये शब्दाच्या शेवटी ‘स’ टिकत नाही, म्हणून मूल ‘बस’ऐवजी ‘बॉसु’सारखे काहीतरी म्हणते आणि ‘डेस्क’मध्ये दोन जादा स्वर घालते. हिंदी भाषक ‘इस्कूल’ म्हणतो त्याच जातीची ही तडजोड आहे, आळस नव्हे. इंग्रजीतला ‘फिश’ त्याच्या तोंडी ‘पिश’ होतो, आणि ‘झू’मधला पहिला ध्वनी आपल्या ‘जीव’मधल्या ‘ज’सारखा होतो. येथे मराठी माणसाला एक सोय आहे. ‘जवळ’ आणि ‘जीव’ यांतले दोन निराळे ‘ज’ तो जन्मापासून उच्चारतो, त्यामुळे मुलाची जीभ कोठे अडते हे त्याला लवकर उमगते. वर्गातली मुले शिक्षकाला नावाने हाक न मारता नुसते ‘टीचर’ म्हणतात, याचा इंग्रजी भाषक पाहुण्यांना अनेकदा राग येतो. कोरियन मूल मनातल्या मनात ‘सनसेंगनिम’ या शिक्षकासाठीच्या आदरार्थी हाकेचे भाषांतर करत असते. ज्याने शाळेत आयुष्यभर ‘बाई’ अशी हाक मारली, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

चौथा मुद्दा पैशांचा, आणि तो थोडक्यात आटोपतो. घर किंवा घरभाडे देण्याची पद्धत खरी आहे. मात्र ते घर बहुधा एका खोलीचे असते. पगाराचा आकडाही खोटा नाही, पण तो रुपयांत मोजल्यामुळे फुगतो. २०२५ मध्ये कोरियातील पूर्णवेळ किमान वेतन महिना २० लाख ९६ हजार २७० वॉन होते, आणि या क्षेत्रातील अनेक करार त्या किमान वेतनापासून ३० लाख वॉनपर्यंतचे असतात. एक वर्ष पूर्ण झाल्यावर तीस दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून अकराव्या महिन्यात वाद उकरून काढणारे मालकही भेटतात. व्हिसा नोकरीला बांधलेला असल्याने अशा वेळी तडकाफडकी दुसरीकडे जाता येत नाही.

राहिला चणचणीचा दावा. कोरियाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी, २०२३ मध्ये ०.७२ होता. २०१२ साली तेथे सुमारे ४ लाख ८४ हजार मुले जन्मली, २०२३ साली सुमारे २ लाख ३० हजार. ही २०२३ची मुले मार्च २०३० मध्ये पहिलीत जातील आणि २०३२ मध्ये तिसरीत, म्हणजे भारतीय साहाय्यक शिक्षक ज्या वर्गांपासून शिकवू शकतो तेथे, आणि तेव्हा त्या वर्गांतली बाके आजच्यापेक्षा बरीच कमी असतील.