झिपरीला गोणीत भरण्याआधी

काल रात्री साडेदहाला डोंबिवलीहून मावशीचा फोन. "अगं, वॉचमनला शंभर रुपये कबूल केलेत. उद्या झिपरीला गोणीत घालून मासळी बाजारात सोडतोय."

झिपरी म्हणजे जिन्याखाली मीटरच्या डब्यांपाशी राहणारी भटकी मांजरी. तीन वर्षं मावशीची सुकट खातेय, पण अंगाला हात लावू देत नाही. वाटी ठेवून मावशी चार पायऱ्या वर गेली की मगच बाहेर येते. आता सून गरोदर आहे आणि मावशीला ‘मांजरप्रेमींनो सावधान’ हे फॉरवर्ड आलंय. मलाही ते या आठवड्यात चौथ्यांदा आलं.

पहिलाच दावा: गरोदर बाईच्या आसपास मांजर असलं की गर्भपात होतो. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो, आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो, हे खरं. पण ‘आसपास’ असण्याने? तो तोंडावाटे पोटात जावा लागतो. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला वाचा. गरोदर बाईने घरातलं मांजर टाकून द्यावं असं त्यात म्हटलेलं नाही. उलट अर्धंकच्चं मटण, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांनाही जबाबदार धरलंय. ताज्या विष्ठेतला परजीवी लागण करण्याजोगा व्हायलाच 1 ते 5 दिवस लागतात. सुनेचे गाडीवरचे अर्धेकच्चे सीख कबाब मात्र फॉरवर्डवाल्याला दिसले नाहीत.

माझ्या विरोधातलं वाक्यही तिथेच आहे: गरोदर बाईने भटक्या मांजरांना, विशेषतः पिल्लांना, हाताळू नये. बरं, नको हाताळू दे. झिपरी मावशीलाही हाताळू देत नाही! सुनेने कुंड्यांच्या मातीत हात घालताना मोजे घालावेत, कोथिंबीर नीट धुवावी. झालं.

दुसरा दावा वाचून डोकंच फिरलं: ‘मांजर कुठेही सोडा, जगतं.’ मासळी बाजारातल्या बोक्यांच्या आणि कुत्र्यांच्या हद्दीत गोणी उघडायची, आणि हे जगणं? झिपरीची पिल्लं इथे कुठे अडगळीत असली तर ती भुकेने मरणार, ते वेगळंच. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. हसू नका, गुन्हा तो गुन्हाच. शिवाय कचऱ्याचा डबा उघडाच राहिला तर झिपरीच्या जागी महिन्या-दोन महिन्यांत दुसरी येईल.

केस पोटात गेला की दमा होतो म्हणे. अ‍ॅलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची. दमेकऱ्याने मांजर घरात घेऊ नये, इतपत ठीक. ‘दूध-पोळी पुरते’ हेही चूक. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि मग जिना कोण पुसणार?

ओरबाडल्यावर हळद लावा, हे मात्र धोक्याचं. साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

शेवटचा मुद्दा, ‘नसबंदी पाप आहे, एक वेत तरी होऊ द्या’. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. इथे मी मावशीलाही सोडलं नाही. तीन वर्षं सुकट घातलीस, मग कानाचं टोक अजून अखंड कसं? नसबंदी झालेल्या भटक्या मांजराच्या कानाचं टोक कापतात, ते लांबूनही ओळखू यावं म्हणून. ही तुझी जबाबदारी नव्हती का?

मावशी गप्प. मग म्हणाली, "पण ती पकडायची कशी?"

आदल्या रात्री वाटी ठेवायची नाही. सकाळी पिंजऱ्यात सुकट, आणि दार पडलं की लगेच वरून चादर. अंधारात ती शांत बसते. पिंजऱ्याचं मी बघते. वॉचमनला शंभर रुपये दे, पण पिंजरा रिक्षापर्यंत उचलायचे.

"चादर जुनी चालेल ना?"


चालेल.