विवाहपूर्व करार लिहा, पण नोकरी सोडणाऱ्याच्या बाजूनं

विवाहपूर्व करार, म्हणजे हल्ली सगळे ज्याला प्रीनप म्हणतात तो, श्रीमंतांचा मामला आहे असं बहुतेकांना वाटतं. नटांनी, खेळाडूंनी, उद्योगपतींनी आपली संपत्ती राखण्यासाठी करायचा कागद. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला वकील, सल्लागार, ट्रस्ट, कंपन्या असे अनेक मार्ग मोकळे असतात. लेखी कराराची खरी गरज असते ती दोघांपैकी ज्याच्या नावावर कमी आहे, किंवा लग्नानंतर ज्याचं उत्पन्न कमी होत जाणार आहे, त्या माणसाला. बहुतेक घरांत ती बाई असते, आणि करार मागायला सगळ्यात जास्त संकोच तिलाच वाटतो.

"लग्नाच्या आधीच वाटणीची भाषा? म्हणजे विश्वासच नाही!" हे वाक्य या विषयात पहिल्या मिनिटाला येतं. पण काहीही लिहून न देणाऱ्या जोडप्यालाही नियम लागू असतातच. ते त्यांच्या देशाच्या कायद्यानं ठरवलेले असतात, आणि बहुतेकांनी ते लग्नाआधी वाचलेले नसतात. फ्रान्समध्ये वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर कमावलेलं दोघांचं, आणि लग्नाआधीचं किंवा वारशानं आलेलं ज्याचं त्याचं. कॅलिफोर्निया, टेक्सस धरून अमेरिकेतल्या 9 राज्यांत ढोबळमानानं हाच नियम आहे. जर्मनीत मालमत्ता वेगळ्याच राहतात, पण घटस्फोट झाला तर लग्नाच्या काळात कोणाची संपत्ती किती वाढली हे मोजतात, आणि ज्याची जास्त वाढली त्यानं फरकाची निम्मी रक्कम दुसऱ्याला द्यायची असते. दक्षिण आफ्रिकेत करार न करता लग्न केलं तर सगळंच सामाईक होतं, जोडीदाराचं कर्जसुद्धा! गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे आजही पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि वेगळं काही हवं असेल तर ते लग्नाआधीच करारानं ठरवावं लागतं. उरलेल्या भारतात साधारणपणे ज्याच्या नावावर त्याचं.

या शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. दोघं कमावतात. एकाच्या पगारातून घराचा हप्ता जातो, दुसऱ्याच्या पगारातून किराणा, वीजबिल, मुलांची फी, औषधं, येणंजाणं. महिन्याकाठी दोघांचा खर्च सारखाच. वीस वर्षांनी एकाच्या नावावर घर उभं असतं, आणि दुसऱ्याकडे जुन्या पावत्यासुद्धा नसतात. यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. "तू हे भर, मी ते भरतो" असं पहिल्या महिन्यात सोयीनं ठरलं आणि तेच पुढे चालत राहिलं. जिथे नावावरून मालकी ठरते तिथे कुठला खर्च कोणी उचलायचा हा घरगुती सोयीचा प्रश्न उरत नाही. तो मालकीचा प्रश्न होतो, आणि तो लग्नाआधीच बोलून ठरवायला हवा.

दुसरं म्हणजे, लग्नाच्या दिवशी असलेली बरोबरी पुढे टिकत नाही. अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या नोंदी तपासून 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिलं मूल होईपर्यंत स्त्री-पुरुषांची कमाई समांतर चालते. मूल झाल्यावर बाईची कमाई घसरते, आणि अनेक वर्षांनंतरही ती पुरुषाच्या तुलनेत सुमारे 20 टक्के मागे राहते. पुरुषाच्या कमाईवर जवळजवळ काहीच परिणाम दिसत नाही. पाळणाघरं आणि पालकत्वाच्या रजा यांच्यासाठी नावाजलेल्या डेन्मार्कची ही गत. ज्या अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चं नोबेल मिळालं, त्यांचं संशोधनही हेच दाखवतं की आजचा कमाईतला फरक मोठ्या प्रमाणात पहिल्या मुलाच्या जन्मानंतर सुरू होतो.

म्हणून लग्नाआधीच्या करारात "हे माझं, ते तुझं" इतकंच लिहिणं मला अपुरं वाटतं, आणि कधी कधी अन्यायाचंही. त्यात सगळ्यात आधी हे यावं: मुलासाठी, आजारी आईवडिलांसाठी किंवा दुसऱ्याच्या बदलीसाठी एकानं नोकरी सोडली, तर त्या काळात त्याच्या निवृत्तीच्या बचतीत दरमहा किती रक्कम जाणार, आणि कोणाच्या पगारातून? त्या काळात घेतलेलं घर कोणाच्या नावावर असणार? पुन्हा कामाला लागण्यासाठी काही शिकावं लागलं तर तो खर्च कोणाचा? घरातल्या कामाला आर्थिक मोल आहे हे न्यायालयांनाही मान्य करावं लागलं आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, 2000 साली व्हाइट विरुद्ध व्हाइट या खटल्यात सांगितलं की पैसे कमावणारा आणि घर-मुलं सांभाळणारा यांच्यात भेदभाव करायचा नाही. पण न्यायालयापर्यंत जाऊन हे सिद्ध करायला वेळ, पैसा आणि मनाची ताकद लागते. तेच दोघांनी चांगल्या दिवसांत लिहून ठेवलेलं असेल तर कितीतरी त्रास वाचतो.

आता दुसरी बाजू, कारण करार हे हत्यारही होऊ शकतं आणि तसं झालेलं आहे.

ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टापुढे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे, आलेला थॉर्न विरुद्ध केनेडी हा खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. 36 वर्षांची एक बाई लग्नासाठी परदेशातून ऑस्ट्रेलियात गेली. नवरा होणारा माणूस 67 वर्षांचा, बांधकाम व्यवसायातला, त्याची संपत्ती किमान 1 कोटी 80 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. लग्नाची तयारी झालेली, तिचे आईवडील आलेले, आणि लग्नाला काही दिवस उरलेले असताना करार पुढे आला. सही नाही तर लग्न नाही. तीन वर्षांनंतर वेगळे झाले तर तिला 50,000 डॉलर, एवढंच. तिच्या वकिलानं स्वच्छ सांगितलं होतं, सही करू नका. तिनं लग्नाच्या चार दिवस आधी सही केली. दुसरं काय करणार होती? 2017 मध्ये न्यायालयानं तो करार आणि लग्नानंतर केलेला तसाच दुसरा करार, दोन्ही रद्द केले. वकिलाचा सल्ला मिळालेला असूनही रद्द केले, हे लक्षात घ्या. "नको" म्हणण्याची सोयच उरली नसेल तर सल्ला मिळून काय उपयोग?

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं 2001 मध्ये अशाच एका प्रकरणात, गर्भवती असताना पोटगीचा हक्क सोडून देणाऱ्या बाईच्या बाजूनं निकाल दिला होता. उलट कॅलिफोर्नियात बेसबॉलपटू बॅरी बॉन्ड्सच्या पत्नीनं लग्नाच्या आदल्या दिवशी सही केलेला करार 2000 साली ग्राह्य ठरला. त्यानंतर तिथल्या विधिमंडळानं कायदाच बदलला: कराराचा मसुदा हातात पडल्यापासून सहीपर्यंत किमान 7 दिवस गेलेच पाहिजेत. माझ्या मते 7 दिवसही फार कमी आहेत. पाहुण्यांना तारीख कळवण्याच्या आधी मसुदा तयार असावा. त्यानंतर जे काही होतं ते दडपणाखालीच होतं.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये राडमाखर खटल्यात विवाहपूर्व कराराला मोठं वजन दिलं. तिथे श्रीमंत बाजू पत्नीची होती. नऊ न्यायाधीशांपैकी एकट्या लेडी हेल यांनी विरोधी मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं असं की अशा करारांचा हेतूच मुळात आर्थिकदृष्ट्या दुबळ्या जोडीदाराला एरवी जे मिळालं असतं ते नाकारण्याचा असतो, आणि दुबळा जोडीदार बहुधा बाई असते. मला लेडी हेल यांचा मुद्दा मान्य आहे, म्हणूनच मी करार सोडून द्या असं म्हणत नाही. हेतू बदलून लिहा असं म्हणते.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं आहे. ती मला म्हणाली, "मावशी, हे सगळं विचारलं तर त्याला वाटेल मी त्याच्या पगारावर डोळा ठेवून आहे." मी तिला सांगितलं, आधी तू तुझं सांग. तुझं शिक्षणाचं कर्ज किती उरलंय, क्रेडिट कार्डावर काय आहे, धाकट्या भावासाठी तू दरमहा काय देतेस आणि लग्नानंतरही देणार आहेस का. मग तो त्याचं सांगेल. तिनं तसंच केलं, आणि त्यातून कळलं की तो एका मित्राच्या कर्जाला जामीन आहे. त्यानं ते लपवलं नव्हतं. जामीन राहणं हे स्वतःवरचं कर्ज आहे असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. पगार सगळे सांगतात. देणी, जामीनकी आणि घरच्यांना दिलेले शब्द सहसा कोणी सांगत नाही, आणि भांडणं त्यांवरूनच होतात.

हा कागद घटस्फोटासाठीच असतो असंही समजू नका, कारण दोघांपैकी एक जण आधी जाणारच असतो. इंग्लंडमध्ये लग्न झालं की त्याआधीचं मृत्युपत्र, ते त्या लग्नाचा विचार करून केलेलं नसेल तर, आपोआप रद्द होतं; 1837 चा कायदा आजही लागू आहे. दुसरं लग्न असेल आणि पहिल्या लग्नाची मुलं असतील, तर मृत्युपत्राशिवाय केलेलं कुठलंही नियोजन मी अर्धवटच मानेन.

भारतात विवाहपूर्व करारासाठी स्वतंत्र कायदा नाही. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 23 सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार अमान्य करतं, आणि गोव्याबाहेर असा करार न्यायालयात टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून स्वस्थ बसायचं का? मुळीच नाही. घर दोघांच्या नावावर घ्यायला कोणी अडवत नाही. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नवऱ्यानं स्वतःचा आयुर्विमा पत्नी-मुलांच्या नावे घेतला, तर ती रक्कम सहसा त्याच्या सावकारांच्या हाती लागत नाही. कोणी काय भरलं याच्या नोंदी ठेवता येतात, मृत्युपत्र करता येतं.

भाचीनं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं मिळून मसुदा केला आहे. त्यातलं पहिलं कलम तिनं लिहिलं: दोघांपैकी कोणीही नोकरी सोडली तर दुसऱ्याच्या पगारातला ठरावीक हिस्सा दर महिन्याला त्याच्या निवृत्तीच्या खात्यात जाईल. "कोणीही" हा शब्द त्यानं घालायला लावला. मूल झालं, घर घेतलं, नोकरी सुटली, की पुन्हा बसून हे वाचायचं, असंही त्यात आहे. आता दोघं तो मसुदा आपापल्या वकिलाला दाखवणार आहेत, वेगवेगळ्या.