रंग पायथनचा नाही, टर्मिनलचा

यवतमाळ-वाशीमकडच्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेबद्दल एक मेसेज फिरतोय: "कमांड लाइनवर रंगीत अक्षरं पाहिजे असतील तर नवं पायथन टाका. विंडोजवर हे होत नाही, लिनक्सच लागतं. जुन्या कॉम्प्युटरवर रंगानं प्रोग्राम रखडतो. आणि कोड एकदा टाकला की रंग कुठंही दिसतो." चारही गोष्टी चूक आहेत. त्यातल्या पहिल्या तीन वाचून तालुक्याच्या गावात जुन्या मशीनवर शिकणारा पोरगा प्रयत्नच करत नाही, म्हणून हे लिहिणं.

नव्या पायथनचा इथं काही संबंध नाही. प्रोग्राम फक्त अक्षरं पाठवतो. त्यात २७ क्रमांकाचं, न दिसणारं एस्केप अक्षर, मग उघडणारा चौकटी कंस, मग ३१ आणि इंग्रजी एम आला, की टर्मिनल (हुकूम टाइप करायची ती कमांड लाइनची खिडकी) पुढचा मजकूर लाल दाखवतं. ३२ म्हणजे हिरवा, ३३ पिवळा, ० म्हणजे पूर्ववत. हे शून्य विसरलं तर प्रोग्राम संपल्यावरही पुढचं सगळं लालच राहू शकतं. हेच सी, जावा, शेल, कशातूनही करता येतं. या संकेतांचं मानक म्हणजे एक्मा या संस्थेचं एक्मा-४८; त्याची पहिली आवृत्ती १९७६ची. पायथन जगासमोर आलं १९९१ला.

विंडोजचा मुद्दा मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. विंडोज ७चा कन्सोल, म्हणजे विंडोजचं टर्मिनल, हे संकेत समजत नाही. रंगाऐवजी कंस आणि आकडे तसेच दिसतात. काही जुन्या मशीनवर अजून तेच आहे, त्यामुळे "होत नाही" हा समज पसरला. पण कलरामा ही पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संच) हे संकेत वाटेतच पकडते आणि विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीनं रंग लावते. विंडोज १०च्या कन्सोलला २०१५च्या नोव्हेंबर अपडेटपासून हे संकेत कळतात. फक्त प्रोग्रामनं ती सोय चालू करून घ्यावी लागते. आणि बाप्पा, विंडोजच्या आधीच्या, १९८३च्या डॉस २.०मध्येसुद्धा यासाठी ॲन्सी डॉट सिस नावाचा ड्रायव्हर होता!

रखडण्याचं म्हणाल, तर लाल करून परत पूर्ववत करायला लागतात एकूण ९ अक्षरं. वेळ खातं ते हजारो ओळी पडद्यावर ओतणं, मग त्या रंगीत असोत की बिनरंगी.

खरी फसगत चौथ्या वाक्यात आहे. समजा जिनिंगमध्ये आलेल्या कापसाच्या नोंदींची यादी काढायची आहे. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के, म्हणून त्यापुढचा माल लाल दाखवला. पडद्यावर झकास. तीच यादी फाइलमध्ये वळवून नोटपॅडमध्ये उघडली, की प्रत्येक लाल आकड्याच्या आजूबाजूला कचरा. म्हणून आउटपुट टर्मिनलकडेच जातंय का, हे आधी तपासायचं. पायथनमध्ये त्यासाठी आयझॅटी (isatty) आहे. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडला रंगासाठी 'ऑटो' सांगितलं की तोही हेच तपासतो. वापरणाऱ्यानं नो-कलर (NO_COLOR) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना 'रंग नको' सांगणारी सेटिंग, लावला असेल, तर त्याचंही ऐकावं.

दुसरी भानगड रकान्यांची. त्या ९ अक्षरांना पडद्यावर जागा लागत नाही, पण रकान्याची रुंदी भरताना पायथन ती मोजतं, आणि नेमकी लाल ओळच आत सरकते. आधी रिकाम्या जागा घालून रुंदी पुरी करा, रंग नंतर चढवा. गावांची नावं देवनागरीत असतील तर आणखी घोळ: 'दारव्हा' पायथनला ७ अक्षरांचं वाटतं, कारण काना आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. अशा वेळी नावाचा रकाना सगळ्यात शेवटी ठेवलेला बरा.

लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसंही असतात, आणि पांढऱ्या पडद्यावर पिवळं अक्षर कोणालाच धड वाचता येत नाही. १२ टक्क्यांपुढच्या ओळीत 'ओला' असं शब्दातही छापा. वजनकाट्यावरच्या प्रिंटरमध्ये शाई काळीच असते.