गुरुत्वाकर्षण म्हणजे वीजच? फॉरवर्ड करण्याआधी

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा: गुरुत्वाकर्षण हे वेगळं बल नाहीच, ते विजेचंच एक रूप आहे. पुरावे काय, तर दोन्हींची सूत्रं सारखी, दोन्हींचा वेग प्रकाशाइतका आणि केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो. शेवटी नेहमीचं शेपूट: शास्त्रज्ञ हे दडवतात.

सूत्र. अंतर दुप्पट झालं की बल चौथाईवर येतं, हे न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या आणि कूलॉमच्या विजेच्या, अशा दोन्ही नियमांत खरं आहे. पण दिव्याचा उजेडही तसाच कमी होतो. त्रिमितीत चौफेर पसरण्याचा तो हिशेब आहे, नात्याचा दाखला नव्हे.

कंगवा तर दाव्याच्याच मुळावर येतो. अख्खी पृथ्वी कपट्याला खाली ओढत असते आणि एवढासा कंगवा तिच्यावर मात करतो! हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यातलं विद्युत आकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या कितीतरी पट आहे: दोनावर ३९ शून्यं. शिवाय विजेला प्रभार (विद्युतभार) लागतो, तो धन किंवा ऋण असतो, आणि सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. वस्तुमानं ढकलताना कुणी पाहिलीत? अणुकेंद्रातल्या न्यूट्रॉन या कणावर प्रभार नाही, तरी तो खाली पडतोच. वेगवेगळे पदार्थ सारखेच पडतात का, हे तपासायला ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनम यांचं पडणं ताडून पाहिलं. २०२२ च्या अंतिम निकालात हजार लाख कोटींत एका भागाइतक्या अचूकतेपर्यंत फरक सापडला नाही.

वेगाचं म्हणणं बरोबर आहे. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वीय लहर (गुरुत्वाकर्षणाचा अवकाशातून पसरणारा तरंग) आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर जेमतेम १.७ सेकंदांच्या फरकानं पोचले. पण प्रकाश साध्या भिंतीपाशी अडतो. गुरुत्वीय लहर पृथ्वी आरपार ओलांडते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या, अशा लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला पायाखालून आलेली लहरही चालेल.

राहिलं दडवणं. वीज आणि गुरुत्वाकर्षण यांचं नातं विजेवर मोठं संशोधन करणाऱ्या खुद्द मायकेल फॅरेडेनं शोधून पाहिलं होतं. १८४९ च्या सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं तारेच्या वेटोळ्यात बसवलेले दंडगोल उंचावरून सोडले आणि गॅल्व्हानोमीटरची (वीजप्रवाह दाखवणाऱ्या यंत्राची) सुई हलते का ते पाहिलं. हाती काही लागलं नाही. असं नातं असावं ही त्याची भावना कायम राहिली, तरी नकारार्थी निकाल त्यानं स्वतःच छापला. जिथं पुरावा मिळाला तिथं बलं जोडलीही गेली: विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बल (अणुकेंद्रातलं एक बल) एकत्र आणल्याबद्दल ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना १९७९ चं नोबेल मिळालं. गुरुत्वाकर्षणाला त्या पंगतीत बसवणारा सिद्धांत अजून सिद्ध झालेला नाही, आणि ते पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत उघडउघड लिहिलेलं असतं.