मामाजींच्या खिरीतला मध

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना नणंदबाई पुण्याहून आल्या आणि पिशवीतून बोटाएवढी बाटली काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, "वहिनी, हा मध. पण यात साखर नाही. बाबांच्या खिरीत दोन थेंब टाका, बस."

मी झाकण उघडून वास घेतला. मधाचाच होता, म्हणजे मधाच्या गोळीला येतो तसा. कौतुकानं एक थेंब जिभेवर घेतला तर कडूजहर, वर जीभ चुरचुरली ती वेगळी. हे असले अर्क थेट चाखायचे नसतात, हे मला तेव्हा कुठे माहीत!

आमचं गाव परतवाड्यापासून लांब नाही, मागे मेळघाट. उन्हाळ्यात कोरकू माणसं आग्यामोहोळाचा मध घेऊन बाजाराला येतात. आमच्याकडे बरेच जण त्याला शहदच म्हणतात. मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, अर्धं आयुष्य सकाळी शिळ्या भाकरीवर शहद ओतून खाण्यात गेलं. मग शुगर निघाली आणि डॉक्टरांनी साखर बंद केली. मामाजींनी त्याचा अर्थ लावला, साखर बंद, शहद चालू. गावातल्या चार जणांनी माना डोलावल्या. "शहद तं औषध हाय, त्यानं काय होते?"

काय होते ते सांगते. मधात साधारण ८० टक्के साखरच असते, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज मिळून. उरलेलं बहुतेक पाणी. आणि मध जड असतो. एका मोठ्या चमच्यात मध भरतो सुमारे २१ ग्रॅम, त्यात १७ ग्रॅम साखर. तोच चमचा साखरेने भरला तर साडेबारा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चमच्याला चमचा धरलात तर मधातूनच साखर जास्त जाते. तरी मोबाईलवर रोज एक बाई "शुगर-फ्री लाडू" शिकवते आणि त्यात वाटीभर मध आणि खजूर घालते! एका रेसिपीवर भाळून मीही केले होते ते लाडू. मामाजींनी दोन खाल्ले. दोन तासांनी मीटर लावलं तर २७० च्या वर. त्या दिवसापासून "शुगर-फ्री" शब्द दिसला की मी आधी मध आणि गूळ शोधते.

म्हणून सांगते, मी या थेंबांच्या बाजूची आहे. गावात मला यावरून बोलणी बसतात. मेळघाटाच्या पायथ्याशी राहून शिशीतला वास वापरते म्हणे! केमिकल आहे म्हणे! अगं बाई, मधाचा वास तरी काय आहे? बीएस्सीला असलेल्या भाच्यानं सांगितलं, फिनाइलअ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी द्रव्यं असतात, अगदी थोडी थोडी, आणि त्यांनीच आपल्याला मध मध वाटतो. तसलीच द्रव्यं ग्लिसरीनमध्ये किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून शिशीत भरतात. बाटलीवर नॅचरल, नेचर आयडेंटिकल की आर्टिफिशियल ते लिहिलेलं असतं. माझ्या बाटलीवर "फ्लेवर" असंच लिहिलंय. ती स्वतःला मध म्हणवत नाही. म्हटलं ते आमच्या नणंदबाईंनी.

खोटं बोलतो तो रस्त्यावरचा मध. चिखलदऱ्याच्या वाटेवर बादलीत पोळ्याचा तुकडा तरंगत ठेवून विकतात, त्यात खरं विकणारेही आहेत आणि पाक विकणारेही. काडी पेटवून बघा, कागदावर थेंब टाका, कुत्रं चाटतं का पाहा, या सगळ्या परीक्षा फुकट आहेत. २०२० च्या डिसेंबरात सीएसई या दिल्लीच्या संस्थेनं दुकानातले १३ ब्रँड तपासले, त्यातले १० एनएमआर या भेसळ पकडणाऱ्या चाचणीत नापास झाले. प्रयोगशाळेला इतकी खटपट करावी लागते, तिथे आपली काडी काय सांगणार?

आता स्वयंपाकाचं. पहिल्यांदा मी खीर उकळत असतानाच थेंब टाकले. सगळं घर मधानं घमघमलं आणि वाटीत काहीच उरलं नाही. हा वास उडून जाणारा आहे. भांडं खाली उतरवायचं, खीर कोमट होऊ द्यायची, मग टाकायचे. माझ्या बाटलीचे अर्धा लिटर दुधाला तीन थेंब पुरतात, पाचव्या थेंबाला साबण खाल्ल्यासारखं वाटतं. तुमची बाटली वेगळी असेल, एकापासून सुरू करा. आणि हे नुसता वास देतं, गोडी देत नाही. गोडीसाठी मी स्टीव्हिया, म्हणजे एका झाडाच्या गोड पानांचा अर्क, घालते. त्याची मागून येणारी ज्येष्ठमधासारखी कडवट चव या वासाखाली बरीच झाकली जाते, हा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा. एरिथ्रिटॉलही वापरून पाहिलं, पण ते तोंडात थंड थंड लागतं आणि जास्त झालं की पोट बिघडवतं. स्वीटनरची पुडी घेताना मागे माल्टोडेक्स्ट्रिन आहे का बघा, तेही शेवटी पिष्टच.

सगळ्यात छान जमतं ते घट्ट दह्यात. मधाला मुळात किंचित आंबटपणा असतो, तो दही आपोआप देतं. लिंबूपाण्यातही म्हणूनच बरं लागतं, वर चिमूटभर मीठ. दुधाच्या खिरीत मात्र लिंबू पिळायला जाऊ नका. मामाजींनी पहिली वाटी खाऊन विचार केला आणि म्हणाले, "सूनबाई, वास तं शहदाचा हाय, पन धुराचा वास नाही येत याले." बरोबर आहे, आग्यामोहोळ धूर दिल्याशिवाय उतरत नाही, त्यांच्या जिभेला तोच मध माहीत. पुढच्या वेळी मी दलिया तुपात चांगला लालसर, जवळजवळ करपेल इतका भाजला. तेव्हा मान हलवली त्यांनी.

संक्रांतीचे लाडू मात्र साफ फसले. थेंबांना चिकटपणा नाही, पाक नाही, तीळ परातीत भुरभुर पसरले. केकमध्येही तेच. मध केक ओलसर ठेवतो, वरून छान तांबूस करतो, थेंब यातलं काहीच करत नाहीत. जिथे साखर नुसती गोडीसाठी नाही, बांधण्यासाठी किंवा रंगासाठी आहे, तिथे बाटलीची आशा धरू नका. आणि खीर बिनसाखरेची केली तरी त्यातला गहू कुठे जात नाही. मामाजींना वाटी लहानच देते, त्यावर ते रुसतात, रुसू देत.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. मी ती बाटली सोयीसाठी मधाच्या जुन्या बरणीशेजारी ठेवायची. श्रावणात एकदा मामाजींनी शुगरची गोळी घेतली आणि उपास म्हणून जेवले नाहीत. दुपारी घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी शेतात. नातवाला शाळेत सांगितलं होतं, शुगर उतरली की गोड द्यायचं. पोरगं धावत गेलं आणि पाण्यात हे थेंब टाकून घेऊन आलं. शेजारच्या काकूंनी ओळखलं म्हणून बरं, त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात घोळून दिली. अशा वेळी पंधराएक ग्रॅम खरी साखरच लागते, किंवा मोठा चमचाभर खरा मध. वासानं माणूस सावरत नाही. आता बाटलीवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, "हा मध नाही". ती फ्रिजच्या दारात, बरणी फडताळात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये वजन कमी करायला स्टीव्हियासारखे बिनसाखरेचे गोड पर्याय वापरू नका असं सांगितलं, ते ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हतं. आमच्या जाऊबाई बारीक व्हायला म्हणून चहात दोन गोळ्या टाकतात आणि सोबत चार बिस्किटं खातात, त्यांना हे दाखवलं. बोलत नाहीत आठ दिवसांपासून.

खरा मध मी बंद केलेला नाही. चिखलदऱ्याजवळचं आमझरी सरकारी योजनेत "मधाचं गाव" झालंय, आणि वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं मोहोळ न जाळता, पिल्लांचा भाग सोडून फक्त मधाचा भाग कापायला कितीतरी जणांना शिकवलंय. अशा माणसाच्या हातचा मध मिळाला तर मी भाव करत नाही. एप्रिलात आमच्या ओळखीचा कोरकू दादा येतो. त्या दिवशी मामाजींना एक लहान चमचा मिळतो, भाकरीवर, खरा, धुराच्या वासाचा. भाकर अर्धीच. ते चमचा दोन्ही बाजूंनी चाटतात, मी दुसरीकडे बघते.