‘रविवारी खाऊगल्लीच दाखवली नाही’: दोन तारे देणाऱ्या पाहुण्यांना उत्तर

नमस्कार सर,

जुलैतल्या एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता तुम्ही आईंना आणि दोन्ही मुलांना घेऊन आमच्या सीएसएमटी ते बोहरी मोहल्ला खाद्यफेरीला आलात. तुमच्या तक्रारी चार: झवेरी बाजारची खाऊगल्ली दाखवली नाही, पाणीपुरी खाऊ दिली नाही, मोहम्मद अली रोडवर आईंना मालपुवा नाकारला, आणि माणशी १,५०० रुपये घेऊन ‘अर्ध्या प्लेटींवर बोळवण’ केली. हेच प्रश्न घेऊन इतरही लोक येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी झवेरी बाजार. ही गल्ली मुळात पाहुण्यांसाठी लागतच नाही. पेढ्यांवरचे नोकर, माडीवर बसून दागिने घडवणारे कारागीर, हातगाडीवाले आणि खरेदीला आलेली मंडळी यांच्या पोटावर ती चालते. रविवारी पेढ्या बंद, गिऱ्हाईक नाही, मग गाडी लावून भैया करणार काय? फोर्टात कचेऱ्यांच्या आसपासही हीच गत. गिरगाव चौपाटीचं बरोबर उलटं, तिथे रविवारीच पाय ठेवायला जागा नसते. आमच्या बुकिंगच्या पानावर रविवार निवडला की ‘झवेरी बाजार वगळून’ असं लिहून येतं आणि बोहरी मोहल्ल्यातले दोन थांबे वाढतात. ते दोन्ही थांबे तुम्ही घेतलेत, अभिप्रायात त्यांचा उल्लेख राहिला.

पाणीपुरीबद्दल आम्ही हटवादी आहोत, आणि राहणार. मुंबईच्या पाणीपुरीतला रगडा गरम असतो, पुरी कोरडी असते, त्या दोघांचं काही वाकडं नाही. भीती पाण्याची आणि त्यातल्या बर्फाची. अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम राज्यात २०१८ पासून आहे, पण पांढरा दिसला म्हणजे खायचाच बर्फ, असं कोणी छातीठोकपणे सांगू नये. शिवाय विक्रेत्याचा हात पुरी फोडून त्याच माठात बुडतो. जून ते सप्टेंबर आम्ही पाणीपुरी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं आणि उघड्यावरचा चिरलेला कांदा बंद ठेवतो. त्याऐवजी समोर तव्यावरून किंवा कढईतून उतरलेलंच खायला देतो.

तळणाचीही तपासणी लागते. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हाही २०१८ पासूनचा नियम. गाडीवर ते मोजणार कोण? म्हणून गाईड कढईकडे बघतो. घाणा सोडायच्या आधीच धूर निघतोय, कडेला फेस धरून राहिलाय, तेल काकवीसारखं काळं झालंय, यातलं काही दिसलं की पुढची गाडी. तुमच्या फेरीत भज्यांच्या एका गाडीपुढून ‘उगाच’ पुढे नेलं असं तुम्ही लिहिलंय, ते याच कारणाने.

आता मालपुवा. फॉर्मवर आईंच्या नावापुढे ‘शाकाहारी, अंडंही नाही’ असं तुम्हीच भरलं होतं. मोहम्मद अली रोडवरच्या मिनारा मशिदीच्या आसपासचा मालपुवा आपल्या घरच्या मालपुव्यासारखा नसतो. मैद्याच्या पातळ पिठात अंडी फोडतात, फेटतात आणि ते मिश्रण पसरट कढईतल्या गरम तुपा-तेलात गोल ओततात. कडा फुलून जाळी धरते ती त्या अंड्यांमुळे. वर रबडी किंवा मलई पडली की वासालाही पत्ता लागत नाही. बिनअंड्याचा करून दे म्हटलं तरी कढई आणि तूप तेच. हे आईंना खाल्ल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, असं आम्हाला वाटतं. गाईडने त्यांना मातीच्या वाटीतली फिरनी आणि पुढे संच्यात, म्हणजे आइस्क्रीमच्या भांड्यात, हाताने फिरवलेलं सीताफळ आइस्क्रीम दिलं, ते आपल्या पावतीवर आहे. मांसाहार करणाऱ्यांसाठीही तिथे एक प्रश्न आधीच विचारावा लागतो: कबाब ‘बडे का’ की ‘छोटे का’? बडे म्हणजे म्हशीचं, छोटे म्हणजे बकऱ्याचं. मुलांना छोटेच दिलं गेलं, विचारून.

अर्ध्या प्लेटीचं गणित सोपं आहे. साधारण तीन किलोमीटरच्या वाटेवर नऊ थांबे. पावभाजीची पूर्ण प्लेट म्हणजे दोन मस्का पाव. ते खाल्ले की पुढे बैदा रोटी (अंडं-खिमा भरलेली) नुसती बघावी लागते. पोट भाजीने नाही, पावाने भरतं. म्हणून चौघांत दोन प्लेटी, पाव जास्तीचा नाही आणि गोड शेवटच्या टप्प्यात. कुणाला एखाद्या थांब्यावर आणखी हवं असेल तर त्याच पैशांत मिळतं, फक्त मागावं लागतं.

बारा हंडी, म्हणजे हंड्यांत शिजवलेलं रश्श्याचं मटण, संध्याकाळी का नाही, हेही विचारलंत. रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या हंड्या उघडायची खरी वेळ सकाळची. ती आमच्या सकाळच्या फेरीत आहे, सँडहर्स्ट रोड स्टेशनवरून. भेंडी बाजारात पुनर्विकासामुळे दुकानं इकडची तिकडे झाली आहेत, त्यामुळे जुन्या नकाशावर विसंबून एकट्याने शोधत बसू नका.

पैसे परत मागितलेत, ते आम्ही देणार नाही; ठरलेले सगळे थांबे झाले आहेत. मात्र आईंना झवेरी बाजार दाखवायचा असेल तर मंगळवार ते शुक्रवार दुपारी साडेतीनला मशीद स्टेशनच्या पश्चिमेला या. त्या वाटेवर मांसाहार लागत नाही. निखाऱ्यावर भाजलेला खिचिया पापड, मूगडाळीची भजी आणि टोस्ट सँडविच मिळेल. त्या कांदा-बटाटा खात नसतील तर आदल्या दिवशी सांगा. सँडविचमधून बटाटा, बीट, कांदा काढता येतो, पण पावभाजीचा तवा सगळ्यांना एकच असतो, म्हणून तेव्हा स्वतंत्र जैन तवा असलेली गाडी धरावी लागते. साडेसहाच्या आत उरका, नंतर पेढ्या सुटतात आणि त्या गल्लीत छत्री उघडायलाही जागा उरत नाही.